उंदीर कोणत्या गोळीसाठी कळ दाबतो?

"डॉक्टरसाहेब, पोराले या गोळ्यांची सवय तं नाही ना लागनार?"

जामनेरच्या आसपासच्या खेड्यांतून येणारे आईवडील हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात खरी भीती असते. ज्या वडिलांमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांच्या तरुण मुलाला कानात आवाज ऐकू यायचे. शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतात, अशी त्याची खात्री झाली होती. मानसोपचार तज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत पोरगा वेळेवर जेवू लागला, झोपू लागला, कापूस वेचणीच्या वेळी शेतातही जाऊ लागला. तेव्हा वडिलांनी गोळ्या बंद केल्या. "बरा झाला ना, मग सवय कशाला लावायची?" पुढे दीड महिन्यात मुलगा चार रात्री जागा राहून पुन्हा माझ्यासमोर आला.

मुलाचं बोलणं संपल्यावर वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून एक अर्धी संपलेली पट्टी काढली. "आणि माझी ही झोपेची गोळी तेवढी लिहून द्या. दुकानदार आता चिठ्ठी मागतो." ती अल्प्राझोलामची पट्टी होती. चार वर्षं, रोज रात्री, कोणालाही न विचारता.

मुलाच्या गोळीची सवय लागेल म्हणून घाबरलेल्या या माणसाला स्वतःच्या गोळीची सवय चार वर्षांपूर्वीच लागली होती. माझं स्पष्ट मत असं आहे की मनावरच्या औषधांच्या बाबतीत आपली भीती चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. ज्या औषधांना घाबरायचं त्यांना आपण घाबरत नाही, आणि ज्यांची सवय लागत नाही ती मात्र भीतीपोटी मध्येच सोडतो. हे मत नुसतं माझ्या दवाखान्यातल्या अनुभवावर उभं नाही. त्यामागे सत्तर वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत.

उंदराला जाहिरात समजत नाही

माणूस औषध का घेतो, हे ठरवणं अवघड असतं. मित्राने आग्रह केला, जाहिरात पाहिली, शेजारणीला फरक पडला, डॉक्टरवर विश्वास आहे, अशी शंभर कारणं असतात. उंदराला यातलं काहीच समजत नाही. त्याला लाज नाही, फुशारकी नाही, गोळीचं नावही माहीत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी उंदरालाच विचारलं.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत एक बारीक तार बसवली. पिंजऱ्यातली कळ दाबली की त्या जागी विजेचा अगदी हलका झटका मिळायचा. तार मेंदूच्या एका ठराविक भागात असेल तर उंदीर कळ पुन्हा पुन्हा दाबत राहायचा. पुढच्या काही वर्षांतल्या प्रयोगांत काही उंदरांनी तासाला २००० पेक्षा जास्त वेळा कळ दाबल्याची नोंद झाली. मेंदूत 'हे पुन्हा कर' असं सांगणारी एक यंत्रणा असते, हे त्यातून कळलं. एरवी अन्न, पाणी, जोडीदार, पिल्लं यांच्यासाठी ती यंत्रणा काम करते.

१९६२ मध्ये जेम्स वीक्स या अमेरिकन संशोधकाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. उंदराच्या शिरेत नळी बसवली आणि कळ दाबली की मॉर्फिनचा छोटा डोस जाईल अशी सोय केली. उंदीर स्वतःच स्वतःला मॉर्फिन देऊ लागले. तेव्हापासून एखाद्या नव्या औषधाची सवय लागेल का, हे तपासायला हीच रीत वापरली जाते. प्रश्न साधा असतो: हे औषध मिळावं म्हणून प्राणी कळ दाबतो का?

आता उत्तरं पाहा.

मॉर्फिन, हेरॉइन आणि त्यांच्या जवळची अफूवर्गातली औषधं: दाबतो.
कोकेन: दाबतो, आणि हट्टाने दाबतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना कोकेन हवं तितकं मिळण्याची सोय केली, तेव्हा ३० दिवसांत दहापैकी नऊ उंदीर मेले.
निकोटिन, म्हणजे तंबाखूतला मुख्य पदार्थ: दाबतो.
दारू: आधी चवीची ओळख करून द्यावी लागते, मग दाबतो.
अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातल्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या: कोकेनइतक्या हट्टाने नाही, पण माकडांवरच्या प्रयोगांत दाबल्याचं दिसतं.

आणि मुलाच्या गोळ्यांचं काय? भास, संशय यांवर दिली जाणारी औषधं मिळावीत म्हणून प्राणी कळ दाबत नाही. माकडांवरच्या प्रयोगांत तर यातलं क्लोरप्रोमाझिन हे जुनं औषध टाळण्यासाठी कळ दाबल्याचं दिसलं आहे. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांसाठीही तो धडपड करत नाही. लिथियमची गंमत वेगळीच आहे. एखाद्या चवीचं पाणी पाजून लगेच लिथियम टोचलं तर उंदीर पुढे त्या चवीच्या पाण्याला तोंडही लावत नाही.

ज्या औषधापासून उंदीर पळतो, त्याचं माणसाला व्यसन लागेल म्हणून आपण घाबरतो. ज्यासाठी माकड कळ दाबतं, ते मात्र सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतो.

मुंबईतलं मूळ आणि स्वीडनमधले ससे

असा फरक का पडतो, हे समजायला मेंदूतल्या रसायनांकडे जावं लागतं. त्या वाटेवरचं एक मोठं ठाणं आपल्या मुंबईत आहे.

सर्पगंधा ही वनस्पती तुम्ही ऐकली असेल. तिचं मूळ वेडावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे फार पूर्वीपासून दिलं जायचं. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा उपयोग आधुनिक वैद्यकाच्या भाषेत मांडला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये वाढलेल्या रक्तदाबावरचे सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. त्यासाठी १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रिसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं केलं आणि ते मनोरुग्णालयांतही वापरलं जाऊ लागलं.

रुग्ण शांत होत होते. पण काही जण फार मंद व्हायचे, काहींचे हातपाय कडक पडायचे, कंप यायचा, काही उदास व्हायचे. असं का होतं, याचं मोठं उत्तर १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी दिलं. त्यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी बसले, कान पाडून, जणू दगडाचे झाले. मग त्यांनी सशांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं. थोड्याच वेळात सशांनी कान टवकारले आणि ते हालचाल करू लागले.

एल-डोपापासून मेंदू डोपामाइन बनवतो. चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवायला जी रसायनं वापरतात, त्यांतलं हे एक. रिसर्पिनने या निरोप्यांची साठवण रिकामी केली होती, एल-डोपाने डोपामाइनचा साठा परत भरला. मेंदूत डोपामाइनचं स्वतःचं काम आहे, हे या सशांनी दाखवलं. कंपवात झालेल्या माणसाच्या मेंदूत हेच डोपामाइन कमी पडतं, हे पुढे कळलं आणि त्या आजारावर आजही एल-डोपा हेच मुख्य औषध आहे. कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आणखी एक घरची गोष्ट. आपल्या रानात मिळणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच एल-डोपा असतं. १९३७ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळं केलं, आणि १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे डोपामाइन काढून घेणारं मूळ आपलं आणि ते परत देणारं बीही आपलं. (हे वाचून कंपवाताच्या गोळ्यांसोबत खाजकुयलीचं चूर्ण सुरू करू नका. दोन्ही मिळून मात्रा जास्त होते.)

आता मूळ प्रश्नाकडे. 'हे पुन्हा कर' म्हणणारी जी यंत्रणा ओल्ड्स आणि मिल्नर यांना सापडली, तिचा मुख्य निरोप्या डोपामाइनच आहे. कोकेन, हेरॉइन, निकोटिन आणि दारू प्रत्येकजण वेगळ्या दाराने आत शिरतो, पण शेवटी त्या भागातलं डोपामाइन वाढवतो. तेही झपाट्याने. झपाटा इथे महत्त्वाचा. तंबाखूला चुना लावून मळली की निकोटिन तोंडातल्या त्वचेतून लवकर रक्तात जातं. म्हणूनच ती 'लागते'.

भास-संशयावरच्या गोळ्या याच्या उलट वागतात. त्या डोपामाइनचं दार अर्धवट लावून घेतात. फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनची तपासणी चालू होती तेव्हाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. घंटा वाजली की पायाखाली विजेचा झटका बसणार, हे उंदरांना शिकवलं होतं. घंटा ऐकताच ते दोरीवर चढून बसायचे. औषध दिल्यावर ते घंटेकडे लक्ष देईनासे झाले. त्यांना दोरीवर चढता येत होतं, प्रत्यक्ष झटका बसला की ते चढतही होते. फक्त घंटेची धास्ती गेली होती. ज्या मुलाला प्रत्येक नजरेत, प्रत्येक कुजबुजीत आपल्याविरुद्धचा कट दिसतो, त्याच्या कानातली ती घंटा गोळी हलकी करते. यात मौज काहीच नाही, म्हणून त्याचं व्यसन नाही.

पण दार जास्तच बंद झालं तर त्या सशांसारखं होतं. अंग जड, चेहरा कोरा, हात कडक, कंप. असं दिसलं तर गोळी फेकून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

'सवय' या एका शब्दात तीन गोष्टी

सगळा घोळ या एका शब्दाने केला आहे, असं मला वाटतं. आपण 'सवय' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी त्यात कोंबतो.

पहिली, औषधाची गरज. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब पुन्हा वाढतो. त्याला आपण व्यसन म्हणत नाही, आजार अजून आहे म्हणतो. मुलाची गोळी बंद झाल्यावर त्याचे भास परतले, ते याच कारणाने.

दुसरी, शरीराने औषधाशी जुळवून घेणं. नैराश्यावरच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या असा त्रास काही दिवस, कधी काही आठवडे होतो. हा त्रास खरा आहे आणि डॉक्टरांनी तो आधी सांगायला हवा. आम्ही तो नेहमी सांगत नाही, ही आमची चूक. पण गोळी हळूहळू कमी केली तर तो टळतो किंवा सुसह्य होतो.

तिसरी, तलफ. औषध मिळावं म्हणून धडपडणं, डोस वाढवत नेणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं. व्यसन म्हणायचं ते याला. कळ दाबणारा उंदीर हेच करत असतो. नैराश्याच्या गोळीसाठी रात्री अकराला दुकानाचं शटर ठोठावणारा माणूस मी पाहिलेला नाही. ही गोळी गुण द्यायलाच दोन ते चार आठवडे घेते. तिची तलफ लागायची कशी?

खिशातली पट्टी

आता वडिलांच्या गोळीबद्दल. या गटातली पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली. त्याआधी ती चावऱ्या, रागीट माकडांना दिली होती. माकडं शांत झाली, पण झोपली नाहीत, जागीच राहिली. त्या काळी झोपेसाठी वापरली जाणारी औषधं जास्त डोस झाला तर जीव घ्यायची, त्यामुळे ही नवी गोळी वरदान वाटली. ठराविक कामासाठी ती आजही चांगलं औषध आहे. फिट थांबवायला, शस्त्रक्रियेआधी, किंवा खूप मोठ्या धक्क्यानंतर थोडे दिवस.

मेंदूला शांत करणारा गाबा नावाचा निरोप्या असतो. ही गोळी त्याचा ब्रेक आणखी घट्ट दाबते. रोज रात्री कोणी बाहेरून ब्रेक दाबत असेल तर मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग तीच गोळी पुरत नाही. एका रात्री गोळी मिळाली नाही की झोप तर येत नाहीच, वर छातीत धडधड आणि जिवाची तगमग होते. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय झोपच नाही." खरं तर निम्मा निद्रानाश आता गोळीनेच तयार केलेला असतो. म्हणून ही गोळी साधारण दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे.

साठीपुढच्या माणसाला तिचा त्रास जास्त. रात्री लघवीला उठताना तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं. दिवसा विसरभोळेपणा येतो आणि घरचे म्हणतात वय झालं. दारूसोबत किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकासोबत घेतली तर श्वासच मंदावतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध ही सगळी मार्च २०१४ पासून 'एच-वन' या यादीत आहेत. त्यांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायची असते, आणि वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो, त्याचं काम करत असतो. जो मागत नाही त्याच्याबद्दल तक्रार असायला हवी.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. हे वाचून आज रात्री पट्टी कचऱ्यात टाकू नका. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्याने, थोडी थोडी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची.

दारू, आणि दाराआडचा सोबती

दारूबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 'इच्छाशक्ती नाही' हे वाक्य दारू पिणाऱ्या प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तो स्वतःही तेच म्हणतो. इथेही प्राणी थोडी वेगळी गोष्ट सांगतात.

फिनलंडमध्ये शास्त्रज्ञांनी पाण्यापेक्षा दारू पसंत करणाऱ्या उंदरांच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या जुळवल्या. दारूकडे ओढला जाणारा एक वंश आणि तिला टाळणारा दुसरा वंश तयार झाला. दारूची ओढ काही प्रमाणात रक्तातूनच येते. वडील, आजोबा, काका यांना दारूने खाल्लं असेल तर तुम्ही पहिलाच पेला टाळणं हा शहाणपणा आहे.

२०१२ मध्ये फळमाश्यांवरचा एक अभ्यास आला. मादीने वारंवार झिडकारलेल्या नर माश्या, जोडीदार मिळालेल्या नरांपेक्षा जास्त दारूमिश्रित अन्न खात होत्या. दुःखात माणूस बाटली का धरतो, याची मुळं माशीपर्यंत जातात.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो २०१८ सालचा प्रयोग. हेरॉइनची किंवा मेथॲम्फेटामिन नावाच्या नशिल्या द्रव्याची चटक लागलेल्या उंदरांना दोन कळा दिल्या. एक दाबली की नशा, दुसरी दाबली की दार उघडून सोबतीला दुसरा उंदीर. उंदरांनी जवळजवळ दर वेळी सोबती निवडला. पण सोबती भेटायला उशीर लावला, किंवा त्याच्या भेटीबरोबर झटक्याची शिक्षा जोडली, तेव्हा ते पुन्हा नशेकडे वळले.

हे वाक्य घरातल्या मंडळींनी दोनदा वाचावं. चार दिवस न प्यायलेला माणूस संध्याकाळी घरी येतो आणि ओट्यावर पाय ठेवताच त्याला मागचा सगळा हिशेब ऐकवला जातो. तुमचा राग खोटा नाही. ज्या बायकोने दहा वर्षं मार आणि उपास सोसले, तिने हसून स्वागत करावं असं मी म्हणणार नाही, आणि कोणी पितं ते बायकोमुळे, असंही नाही. पण सोबतीबरोबर दर वेळी झटकाच मिळत असेल तर दुसरी कळ जवळ आहे, हे उंदराने दाखवून दिलं आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे औषधांइतकंच महत्त्व गप्पांना, कामाला आणि कुटुंबाला आहे, ते उगाच नाही.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे लोक आहेत. मला त्यांचा आदर आहे. माळ, दिंडी, भजनी मंडळ या सगळ्यांत दारापलीकडचा सोबती असतोच. फक्त एक विनंती: जो रोज सकाळपासून पितो, ज्याचे हात दारूविना थरथरतात, त्याने एकदम थांबण्याआधी डॉक्टरांना भेटावं. पहिल्या चार-पाच दिवसांत फिट आणि भ्रम येऊन जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत डॉक्टर वर सांगितलेल्याच गटातली गोळी देतात, आणि तिथे ती जीव वाचवते. चहातून गुपचूप देण्याच्या 'दारू सोडवणाऱ्या' पुड्या मात्र देऊ नका. त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं, आणि काही औषधांवर दारू पडली तर जिवावर बेततं.

उंदीर कुठे चुकतो

प्राण्यांची साक्ष मी इतकी वापरली, म्हणून तिच्या मर्यादाही सांगतो. उंदीर गांजातल्या मुख्य द्रव्यासाठी सहजासहजी कळ दाबत नाही. यावरून गांजा निर्धोक ठरत नाही. कमी वयात आणि जास्त प्रमाणात गांजा ओढणाऱ्यांत भास-संशयाच्या आजाराचा धोका वाढतो, हे माणसांच्या अभ्यासांतूनच कळलं आहे. कोळ्यांना वेगवेगळी द्रव्यं देऊन त्यांची जाळी पाहण्याचा उद्योग १९४८ मध्ये जर्मनीत पीटर विट यांनी सुरू केला. १९९५ मध्ये 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी तो पुन्हा केला, तेव्हा सर्वांत विस्कटलेल्या जाळ्यांत कॅफिन दिलेल्या कोळ्याचं जाळं होतं. म्हणून चहा गांजापेक्षा वाईट ठरत नाही. कोळी लहान, मात्रा मोठी, आणि त्याचा मेंदूही वेगळा. प्राणी दिशा दाखवतात, शेवटचा निकाल माणसांवरच्या काळजीपूर्वक अभ्यासातूनच लागतो. नैराश्याच्या आणि भास-संशयाच्या औषधांबाबत दोन्हींचं उत्तर जुळतं, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहितो आहे.

तुम्ही काय कराल?

घरातली औषधांची डबी उघडा. झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळीच्या वेष्टनावर लाल चौकट आहे का बघा. असेल, आणि महिन्याहून जास्त काळ चालू असेल, तर पट्टी घेऊन डॉक्टरकडे या.

मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. "किती दिवस घ्यायची, थांबवताना कशी थांबवायची?" हे दोन प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

जळगावपर्यंत जाणं लगेच जमत नसेल तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे.

त्या वडिलांचं पुढे काय झालं? मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वडिलांची गोळी कमी करायला आम्हाला चार महिने लागले. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, दोनदा ते भांडायलाही आले. मधल्या काळात एकदा म्हणाले, "पोराची गोळी मीच रोज देतो आता, आणि माझी पोरगा मोजतो." मला तो बंदोबस्त आवडला. मी वहीत तसाच लिहून ठेवला आहे.